नस जोडताना तिचा रक्तपुरवठा राखायचा की नाही? (भाच्याच्या हाताबद्दल, सल्ला हवा)

वाघोलीकर_मामा

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर मिठाची चव सांगणारा माणूस. आज वेगळ्याच कामासाठी लिहितोय.

भाचा, वय २३. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बाईक घसरली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. पण पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, आणि डावा हात तेव्हापासून नुसता लोंबतोय. पहिल्या दवाखान्यात कॉलरबोन बसवलं आणि सांगितलं, "नसेला सूज आहे, येईल हळूहळू." आम्ही आपले रोज सकाळी बोट हललं का बघतोय. दोन महिने त्यात गेले. मग कोणीतरी एमआरआय आणि ईएमजी (नसा-स्नायूंची विजेची तपासणी) करायला लावलं. मानेतून हातात जाणाऱ्या पाच मुळांपैकी चार कण्यातूनच उपटली आहेत, सी ६ पासून टी १ पर्यंत. सी ५ तेवढी बाहेर फाटली आहे, तिचं टोक वापरता येईल म्हणतात.

आता दोन सर्जन, दोन मतं. कोपरासाठी बरगड्यांच्या नसा वळवायच्या, यावर दोघांचं एकमत. खांद्यासाठी पहिले म्हणतात, पोटरीतली नस (सुरल) काढून तिचे तुकडे सी ५ ला जोडू. पंजाची आशा सोडा. दुसरे म्हणतात, पंजासाठीही प्रयत्न करू. त्याच हाताची अल्नर नस तिच्या रक्तवाहिनीसकट उचलायची, छातीवरून पलीकडे न्यायची आणि चांगल्या बाजूच्या सी ७ ला जोडायची. वर्षभराने दुसरं ऑपरेशन. "हिचा रक्तपुरवठा चालू राहतो, त्यामुळे ही मरत नाही," असं त्यांचं म्हणणं.

मला प्रश्न पडला तो इथेच. म्हणजे पोटरीतली काढलेली नस मेलेली असते का? मेलेली असेल तर ती जोडतात कशाला? आणि चांगल्या हाताला सुरी लावायची म्हटल्यापासून बहिणीने दोन दिवस जेवण सोडलंय.

शिदोरी

वाचूनच पोटात गोळा आला. मामा, भाच्याला लवकर आराम पडो. डॉ_टाका कुठे आहेत? कोणीतरी आवाज द्या.

नाक्यावरचा_शहाणा

दोन डॉक्टर म्हणजे दोन बिलं. मोठं बिल कोणाचं ते बघा, उत्तर तिथेच आहे.

डॉ_टाका

शहाणे, जरा दम धरा. इथे दोघेही सर्जन बरोबर असू शकतात, कारण त्यांची उत्तरं दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत.

मामा, आधी एक शब्दाचा घोळ मिटवू. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि संवेदना नेणाऱ्या तंतूलाही नसच म्हणतो. ओपीडीत निम्मे गैरसमज यातून होतात. मी खाली दुसऱ्या प्रकारच्या नसेला नर्व्ह म्हणतो.

नर्व्ह म्हणजे केबल. आत हजारो बारीक तंतू, प्रत्येक तंतूभोवती श्वान पेशींचं वेष्टण (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्रा नव्हे). तंतूचा जीव मात्र वर, कण्यात किंवा कण्याशेजारच्या पेशीत. नर्व्ह कापली की कापल्या जागेच्या खालचा सगळा तंतू कुजून जातो. वॉलर नावाच्या इंग्रजाने १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून हे दाखवलं. म्हणजे पोटरीतली सुरल काढली काय किंवा अल्नर रक्तवाहिनीसकट उचलली काय, त्यांच्यातले मूळचे तंतू दोन्हीकडे मरणारच. रक्तपुरवठा राखून ते वाचत नाहीत.

मग राखायचं काय? श्वान पेशी. तंतू गेले तरी त्या मागे राहतात, कचरा साफ करतात, ओळीने रांगा लावतात आणि वरून येणाऱ्या नव्या तंतूला वाट दाखवतात, खाऊही घालतात. ग्राफ्ट, म्हणजे मध्ये जोडायचा हा तुकडा, श्वान पेशींनी भरलेली नळी समजा. या पेशींना रक्त न मिळता किती दिवस तग धरता येतो, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा.

सुरल बारीक असते, दोन-तीन मिलिमीटर. चांगल्या, ओल्या, रक्ताळ मांसात ठेवली की पहिले दोन-तीन दिवस ती आजूबाजूच्या द्रवावर जगते, तेवढ्यात बाजूने आणि दोन्ही टोकांकडून केशवाहिन्या शिरतात. म्हणजे ती मेलेली नसते, काही दिवस उपाशी असते. पण अल्नरसारखी जाड नर्व्ह तशीच कापून ठेवली तर मधल्या भागापर्यंत काही पोचत नाही. अख्खा बटाटा घाईत उकडला की वरून मऊ आणि आत कच्चा राहतो, तसं. मधल्या श्वान पेशी मरतात, तिथे तंतुमय गाठ होते, नवे तंतू तिला थडकतात. जुन्या काळी अख्ख्या जाड नर्व्हचे ग्राफ्ट फसत ते यामुळे. त्यावर व्हिएन्नाच्या मिलेसीने १९७० च्या दशकात बारीक नर्व्हचे अनेक तुकडे शेजारी शेजारी, अजिबात ताण न देता बसवायची पद्धत रुळवली. बटाट्याच्या फोडी केल्या म्हणा. आजही बहुतेक ठिकाणी हेच करतात आणि ते चालतं.

तेव्हा जाड नर्व्ह वापरायची असेल तर तिची रक्तवाहिनी राखावीच लागते. पहिल्या सर्जनना जाड नर्व्ह वापरायचीच नाही, त्यामुळे त्यांना ते लागत नाही. भांडण एवढंच आहे.

गवळण_७२

बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. दोन टोकं ओढून सरळ एकमेकांना का शिवत नाहीत? मध्ये तुकडा घालायचाच कशाला?

डॉ_टाका

अजिबात बाळबोध नाही. स्वीडनच्या लुंडबोर्ग आणि रायडेविक यांनी १९७३ साली सशांच्या नर्व्ह ताणून हेच बघितलं. मूळ लांबीच्या सुमारे ८ टक्के ताणली की बारीक शिरांतला प्रवाह मंदावायला लागतो, १५ टक्क्यांच्या आसपास नर्व्हमधलं रक्त थांबतंच. म्हणजे ओढून शिवलं तर रक्तपुरवठा आपणच बंद केला. शिवाय भाच्याची चार मुळं कण्यातूनच उपटलीत, त्यांना वरचं टोकच नाही. शिवणार कशाला?

देवगडचा_पावशा

डॉक्टर, तुमचं वाचताना मला आमची कलमं आठवली. आमचे आजोबा हापूसची भेट कलमं बांधायचे. झाडाभोवती मांडव घालायचा, त्यावर रायवळ रोपांच्या कुंड्या चढवायच्या आणि रोपाची साल तासून झाडाच्या जित्या फांदीला बांधायची. फांदी आईला जोडलेलीच राहते, रस चालू. दोन-तीन महिन्यांनी सांधा जमला की फांदी थोडी थोडी कापत आईपासून सोडवायची. मर कमी, पण मांडवाचा खटाटोप आणि रोज पाणी. नंतर कोय कलम आलं. कोयीचं कोवळं रोप छाटायचं, त्यात पाचरीसारखी काडी बसवायची, पट्टी गुंडाळायची. काडी आईपासून तुटलेलीच. पावसाळी दमट हवेत जगते, उन्हात ठेवलीत तर संपली. आज सगळ्या नर्सरीत कोय कलमच दिसतं.

तर रक्तवाहिनीसकट म्हणजे भेट कलम आणि पोटरीतली म्हणजे कोय कलम, असंच ना?

डॉ_टाका

पावशा, पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना हेच सांगणार, हक्क तुमचा.

दमट हवेचं तर तंतोतंत. आम्ही त्याला 'बेड' म्हणतो. ज्या मांसात ग्राफ्ट ठेवायचा ते निरोगी असेल तर उपाशी तुकडा जगतो. जागा व्रणांनी निबर झालेली असेल, जंतुसंसर्ग होऊन गेला असेल, किरणोपचार झाले असतील, तर ते तुमचं उन्हात ठेवलेलं कोय कलम. तिथे रक्तासकट ग्राफ्टचा विचार होतो.

फक्त एके ठिकाणी उपमा सोडून द्या. कलमात काडीच वाढते, तिलाच आंबे लागतात. आमच्याकडे ग्राफ्ट वाढत नाही, तो बोगदा. वाढतात ते वरच्या बाजूचे तंतू. आणि बोगदा कितीही सुरेख असला तरी गाडी दिवसाला साधारण एक मिलिमीटरच चालते.

विनिपेगची_उंदीरवाली

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. पीएचडीची चार वर्षं उंदरांच्या सायॅटिक (मागच्या पायातल्या) नर्व्हमध्ये घालवली आहेत, म्हणून दोन पैसे टाकते.

प्राण्यांवरचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्याचं एक कारण उंदीर स्वतःच आहे. त्याच्या नर्व्ह बारीक, अंतर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, आणि ते बेटं काहीही केलं तरी बरं होतं. तिथे उपाशी ग्राफ्टसुद्धा लगेच रक्त मिळवतो, मग फरक दिसणार कुठून? काही प्रयोगांत रक्तपुरवठा राखलेल्या ग्राफ्टमधून तंतू सुरुवातीला पुढे पळालेले दिसतात, श्वान पेशी जास्त टिकलेल्या दिसतात. काही महिन्यांनी मोजलं की दोन्ही गट जवळपास सारखे. फरक खरा कळायला हवा लांब, जाड ग्राफ्टमध्ये आणि खराब बेडमध्ये, आणि नेमकं तेच उंदरात करणं अवघड.

माणसांवरची माहिती बहुतेक एकेका सर्जनच्या रुग्णमालिकांची आहे. रक्तासकट ग्राफ्ट मिळतो तो मुळातच जास्त बिकट रुग्णांना. मग निकालांची तुलना करायची कशी? त्यामुळे "रक्तासकट म्हणजे दुप्पट चांगलं" असं कोणी छातीठोक सांगितलं तर जरा जपून.

उजवा_हात_सुट्टीवर

मामा, मी या रांगेत तुमच्या भाच्याच्या पाच वर्षं पुढे उभा आहे. माझाही बाईकचाच अपघात. सी ५, सी ६ फाटलेल्या, खालची मुळं शाबूत होती, म्हणजे मी नशीबवान. मला दोन्ही पोटऱ्यांतली सुरल लावली, आणि कोपरासाठी बरगड्यांच्या नसा.

जे कोणी आधी सांगत नाही ते सांगतो. पावलाची बाहेरची कड बधिर होते. पहिले काही महिने डावी चपल रस्त्यात निसटायची आणि मला दहा पावलांनी कळायचं. आता सवय झाली, आणि सँडल घेतले.

ऑपरेशननंतर कित्येक महिने *काहीही* होत नाही. शून्य. घरचे विचारायचे थांबतात. मग थेरपिस्ट कॉलरबोनच्या खालून बोटाने टकटक करत येते आणि एका जागी झिणकन मुंग्या येतात. तंतूचं टोक तिथवर पोचलंय. दर महिन्याला ती जागा खाली सरकते. मी बॉलपेनने खूण करून डायरीत टेपने मोजून लिहायचो. एका महिन्यात तीन सेंटिमीटर. पगारवाढीचा इतका आनंद झाला नव्हता.

पाचव्या महिन्यात मला खोकला झाला. आणि दर खोकल्याला दंड उडायला लागला! नस बरगडीची ना, तिला वाटतंय आपण श्वासच घेतोय. मग दीर्घ श्वास घेऊन कोपर वाकवायला शिकलो. आता चहाचा कप उचलताना श्वास आठवावा लागत नाही. हां, कप गरम आहे हे मात्र डाव्या हाताने बघतो. अंगठ्याला एकदा फोड येऊन गेल्यावर शहाणपण आलं.

आणि दुखण्याबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला. मुळं उपटलेल्या हातात जाणीव नसते पण आग असते. खोटं नाही ते.

वाघोलीकर_मामा

हे भाच्याला मोठ्याने वाचून दाखवलं. चपलेच्या किश्श्याला हसला. अपघातानंतर पहिल्यांदा.

आग होते हे तो आम्हाला सांगतच नव्हता. आज बोलला.

पेठेतला_पिंपळ

अवांतर, पण राहवत नाही. रक्तपुरवठा राखून तुकडा फिरवायची कला आपल्या पुण्याजवळची! लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आलंय. कावसजी नावाचा इंग्रज फौजेतला गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला, नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. कातडीचा देठ भुवयांच्या मधे तसाच ठेवला, जमल्यावर कापला. हे भेट कलमच की!

नाक्यावरचा_शहाणा

झालं. आता थोड्या वेळात पुष्पक विमान येईल.

डॉ_टाका

शहाणे, पिंपळरावांचं हे प्रकरण मात्र पक्कं आहे. आणि ते अवांतरही नाही. १९४७ साली स्ट्रेंज नावाच्या इंग्रज सर्जनने नर्व्हच्या बाबतीत हीच युक्ती केली. पंजात जाणाऱ्या मीडियन आणि अल्नर या दोन्ही नर्व्हचे मोठे तुकडे गेलेले असले तर अल्नरचा त्याग करून ती वळवायची, देठ तसाच ठेवून मीडियनला जोडायची आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या टप्प्यात पूर्ण बसवायची. नंतर मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या शिवता यायला लागल्या आणि १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात टेलर आणि हॅम यांनी मनगटाकडची वरवरची रेडियल नर्व्ह तिच्या धमनीसकट पूर्ण सुटी करून दुसरीकडे लावली.

भाच्यासाठी सुचवलेलं ऑपरेशन त्याच घराण्यातलं. चांगल्या बाजूची सी ७ वापरायची कल्पना शांघायच्या गू युडोंग यांची, १९८६ ची. अल्नर मनगटाशी कापायची, उलटी वळवून कातडीखालून छातीवरून पलीकडे न्यायची. दंडातल्या तिच्या धमनीचा देठ तसाच. तंतू काखेपर्यंत पोचले की दुसऱ्या टप्प्यात वरचं टोक सोडवून मीडियनला जोडायचं. पावशा, मांडवावरची कुंडी दिसतेय ना?

अल्नरच का, तर तिची मुळं सी ८ आणि टी १. ती उपटलेली आहेत, म्हणजे ती नर्व्ह त्याच्या हातात कधीच काम करणार नाही. लांब आहे, जाड आहे, रिकामी आहे. पण ही मुळं शंभर टक्के गेली आहेत हे ऑपरेशनआधी खात्रीने ठरलं पाहिजे. थोडीशीही शिल्लक असतील तर अल्नरला हात लावायचा नाही.

काकूबाई_ठाणे

मध्येच विचारते, क्षमस्व. आईचं कानाखालच्या लालाग्रंथीचं कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय, चेहऱ्याची नस काढावी लागेल, नंतर रेडिएशन. तिलाही रक्तासकटच हवी का?

डॉ_टाका

काकू, सरसकट नको. चेहऱ्याच्या नर्व्हला साधा बारीक ग्राफ्ट लावून नंतर किरणोपचार झालेले आणि तरी हालचाल आलेले रुग्ण आहेत. मात्र खड्डा भरायला मांडीचा मांसकातडीचा तुकडा आणणारच असतील, तर त्याच्यासोबतची मांडीची नर्व्ह त्याच रक्तपुरवठ्यावर आणता येते. एका दगडात दोन पक्षी. तुमच्या सर्जनना तेवढंच विचारा. आणि डोळा पूर्ण मिटेपर्यंत त्याची काळजी कशी घ्यायची, हे आजच विचारून ठेवा.

वाघोलीकर_मामा

डॉक्टर, एक स्पष्ट विचारतो. चांगला हात अधू होईल का? आणि पंजा खरंच येईल का?

डॉ_टाका

स्पष्टच सांगतो.

सी ७ कापल्यावर चांगल्या हाताची मधली बोटं काही आठवडे ते महिने बधिर राहतात, कोपर सरळ करण्याची ताकद थोडी उतरते. बहुतेकांची भरून येते, कारण तिथल्या स्नायूंना शेजारच्या मुळांचाही पुरवठा असतो. धोका शून्य नाही.

पंजा. स्नायूला नर्व्हशिवाय साधारण बारा ते अठरा महिने वाट बघता येते, मग त्याची चरबी आणि दोरा होतो. छातीपलीकडून बोटापर्यंतचं अंतर आणि दिवसाला एक मिलिमीटर, हा गुणाकार तुम्हीच करा. तंतू पोचेपर्यंत तळहाताच्या बारीक स्नायूंची दुकानं बंद झालेली असतात. मनगट-बोटं वाकवण्याची थोडी ताकद काहींना येते. खरा फायदा आहे तो जाणिवेचा. संवेदनेला स्नायूंइतकी घाई नसते. भाजलं, कापलं, कळलं, एवढी जाणीव आली तरी हात सांभाळता येतो. कुणी शर्टाचं बटण लावून दाखवीन म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

रक्तपुरवठा राखल्याने बोगदा चांगला राहतो, घड्याळ थांबत नाही. म्हणून माझी काळजी कोणता ग्राफ्ट याची कमी, आणि तुमचे गेलेले दोन महिने याची जास्त. अशी ऑपरेशनं तीन ते सहा महिन्यांच्या आत व्हावीत. "सूज आहे, येईल" हे हलक्या इजेत खरंही असतं. पण अख्खा हात लुळा असताना नुसतं तेवढं बोलून घरी पाठवणं बरोबर नव्हतं. आता तारीख घ्या.

वाघोलीकर_मामा

घेतली. दुसऱ्या सर्जनकडची, पुढचा मंगळवार. बहिणीशी भाचाच बोलला. "एका हाताची तीन बोटं तीन महिने उधार दे म्हणतायत, देऊ की," म्हणाला.

शिदोरी

🙏 अपडेट देत राहा मामा.

वाघोलीकर_मामा (नऊ महिन्यांनी)

धागा वर काढतोय, विसरलो नव्हतो.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते रात्री दहाला संपलं. सी ५ चं टोक उघडल्यावर चांगलं निघालं, तिथे पोटरीचे तुकडे लावले. म्हणजे पहिल्या डॉक्टरांचं अर्ध आणि दुसऱ्यांचं सगळं झालं. उजव्या हाताची मधली बोटं अडीच महिने बधिर होती, मोबाईलची काच लागत नाही म्हणून चिडायचा. आता ठीक आहे.

दंड सहाव्या महिन्यात हलला. सुट्टीवरवाल्यांनी खोकल्याचं सांगितलं होतं म्हणून आम्ही वाट बघत होतो, पण याचा हलला तो शिंकेने.

आणि एक गंमत. थेरपिस्ट आता छातीवर, डाव्या काखेच्या चार बोटं अलीकडे टकटक करते. मुंग्या येतात. कुठे? उजव्या हाताच्या मधल्या बोटात. पहिल्यांदा झालं तेव्हा भाच्याने दचकून उजवा हात झटकला. आई देवापुढे दिवा लावत होती, ती तशीच काडी हातात धरून आली, "काय चावलं रे?"

उजवा_हात_सुट्टीवर

खूण करा तिथे बॉलपेनने. तारीख टाका.

वाघोलीकर_मामा

केली. १७ तारीख. आईनेच केली.